खेचराची बाकी

दिनाँ, ४ नोव्हेंबर १९३४

प्रिय देझिरेदादा,

ईस्टरनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तुझी दोन्ही पत्रं मिळाली, वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवली. वेळ झाला नाही असं लिहिणार होते. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या बाईला वेळ नव्हता हे तुला पटलं नसतं, आणि ते खरंही नाही. मी लाजेने गप्प होते.

खेचर, म्हणजे आपली ती हट्टी संख्या, माझ्याकडून पुढे सरकत नाही.

फेब्रुवारीत नाम्यूरला, मूळ आणि संयुक्त संख्यांचं कोष्टक छापणाऱ्या आपल्या मंडळाच्या जेवणात, मीच हात वर केला होता. पहिली आकडेमोड देझिरेदादा करतोय, तर दुसरी मी करते, असं बोलून गेले. तेव्हा ते सोपं वाटलं. चारापासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, त्यातून दोन वजा करायचे, त्या साठ-एक अंकी धोंड्याने भागायचं, उरेल त्या बाकीचा पुन्हा वर्ग. असं करत करत ठरलेल्या शेवटच्या पायरीला शून्य उरलं तर खेचर मूळ संख्या, दुसरं काहीही उरलं तर संयुक्त. वरच्या वर्गातल्या मुलींना मी ही रीत सांगितली. एक म्हणाली, "म्हणजे बाई, त्याचे अवयव कुठले ते कळणार नाहीच, पण अवयव आहेत एवढं कळणार?"

"हो," मी म्हणाले.

"चोर घरात आहे, पण कुठल्या खोलीत ते माहीत नाही, तसं."

सगळ्या हसल्या. मी तिला बसवलं. खरं तर तिने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं.

तिला मी एक गोष्ट सांगितली नाही. शून्याखेरीज काहीही उरलं की संख्या संयुक्त, आणि वाटेत चूक झाली तरी शून्याखेरीज काहीतरीच उरतं. म्हणजे चुकलेल्या माणसाला आपण चुकलो हे कळायला वावच नाही. म्हणून तर दोन माणसं, दोन घरं, एकमेकांना न विचारता, आणि शेवटची बाकी लाखबंद पाकिटात मंडळाचं काम पाहणाऱ्या फादर युबेरांकडे. दोन्ही पाकिटांत एकच आकडा निघाला तरच मानायचं.

जुलैत मी अर्ध्यावर पोचले आणि अंकांच्या बेरजेने पडताळायचा तो नवांचा ताळा जमेना. मागच्या पायरीवर गेले, तिथे जमला. पुन्हा पुढे आले, पुन्हा नाही. आठवडाभर तेच. हळूहळू मला मागचं एकही पान खात्रीचं वाटेना. परत चारापासून सुरू करायचं म्हटलं की वही मिटून ठेवते. फादरना कळवून काम सोडून देऊ का? तू पुढच्या जेवणाची किती वाट पाहतो आहेस ते मला ठाऊक आहे. म्हणूनच विचारायला इतके महिने लागले.

तुझी,
ओदील

*

आर्लों, ११ नोव्हेंबर १९३४

चि. ओदील,

बाहेर युद्धसमाप्तीच्या दिवसाचा बँड वाजतोय आणि मी म्हातारा स्मारकाकडे जायचं सोडून तुला लिहीत बसलोय, यावरून समज.

बाईसाहेब, दुसऱ्यांच्या पोरींना बिनदिक्कत शून्य देता आणि स्वतःला एका खेचराने लाथ मारली की तोंड लपवून बसता? अगं, ते खेचरच आहे. पुढे जात नाही, मागे जात नाही, वीत तर नाहीच. नाव उगीच पडलं का त्याचं?

काम सोडायचं नाही. तू सोडलंस तर दुसरा माणूस शोधण्यात दोन वर्षं जातील, आणि मी तोवर असेन की नाही ते डॉक्टरला विचार. आयुष्यभर रेल्वेच्या रुळांची मोजणी केली, माझा एक पूल वाकडा गेला नाही, पण त्या पुलांवर माझं नाव नाही. मंडळाच्या कोष्टकात एका ओळीपुढे ते यावं, एवढंच मला हवं आहे.

सोबत एक चिठ्ठी आहे, घडी करून चिकटवलेली. तिच्यात अर्ध्या वाटेवरची माझी बाकी आहे. तुझी तिच्याशी ताडून पाहा. जुळली तर तुझी पानं ठीक. नाही जुळली तर माझ्या आकड्यापासून पुढे चाल. मी प्रत्येक पायरीला नवांचा आणि अकरांचा, दोन्ही ताळे घेतलेत. नियमाचं म्हणशील, तर नियम शेवटच्या बाकीबद्दल आहे. ती फादरकडे लाखेखाली आहे, ती मी तुला कुठे दाखवतोय? रस्ता चुकलेल्याला मैलाचा दगड दाखवला म्हणून तो काय माझ्या गाडीत बसला?

आणि घाई कर. स्टावलोचे वातलेसाहेब कुणी न सांगता, हौस म्हणून, तेच खेचर घेऊन बसलेत असं कानावर आलंय. पंचाहत्तरी गाठली, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी हौस जात नाही.

तुझा,
देझिरेदादा

*

दिनाँ, २० जानेवारी १९३५

प्रिय दादा,

झालं. काल पाकीट फादरकडे रवाना केलं.

तुझी चिठ्ठी मी आठवडाभर उघडली नाही. मग एका रविवारी चर्चमधून आले आणि टोपी न काढताच उघडली, जणू टोपी काढली असती तर उघडली नसती. माझी अर्ध्या वाटेवरची बाकी तुझ्या बाकीसारखी कुठेच नव्हती. ताळा माझाच जमत नव्हता, तेव्हा चुकलं कोण हे विचारायची गरज नव्हती. माझी पानं रद्दीत ठेवली आणि तुझ्या आकड्यापासून निघाले.

पुढचा अर्धा रस्ता मात्र माझा आहे. प्रत्येक ताळा दोनदा घेतला. हे तुला सांगते आहे की स्वतःला, ते मला कळत नाही.

पाकिटावर नेहमीप्रमाणे "स्वतंत्र आकडेमोड" असं लिहून सही करायची होती. मी बराच वेळ टाक हातात धरून बसले. "अर्धी स्वतंत्र" असं कुणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. शेवटी सगळे लिहितात तेच लिहिलं. फादरना वेगळं पत्र लिहून खुलासा करावा, असं तुला वाटतं का? तू म्हणशील तसं करते.

मेणबत्त्यांच्या सणाला, मंडळाच्या जेवणासाठी, नाम्यूरला येणार नाही. खोकला आहे. थोडा आहे.

ओदील

*

आर्लों, ५ फेब्रुवारी १९३५

ओदील, ओदील,

कुठे होतीस तू? खोकला म्हणे. तिथे असतीस तर धिरडी खाऊन बरा झाला असता.

नीट सांगतो. फादर युबेरांनी आधी माझं पाकीट फोडलं आणि पाच पाच अंकांचे गट करून फळ्यावर लिहिलं. मग तुझं फोडलं आणि वाचायला लागले. पहिला गट जुळला, दुसरा जुळला. तिसरा जुळला तशी मंडळातल्या कर्नलसाहेबांनी चमच्याने ग्लास वाजवायला सुरुवात केली. निम्म्यावर आले तेव्हा सगळं टेबल वाजत होतं, फादरांना ओरडून वाचावं लागत होतं. शेवटचा अंक पडला आणि स्वयंपाकीण आतून धावत आली, तिला वाटलं कुणाचा तरी प्राण गेला.

तेवढ्यात वातलेसाहेब उठले. म्हणाले, "माझंही एक आहे." खिशातून कागद काढला, डोळ्याजवळ नेला, वाचायला लागले. पहिल्या अंकापासून वेगळा.

कर्नल म्हणाले, "वातलेसाहेब, वाटेत दुसऱ्याच कुणाचं खेचर सोडून आणलंत वाटतं."

"खेचर तेच आहे," ते म्हणाले.

"मग तुमच्याकडे आल्यावर बदललं असेल. पाहुणचारात असं होतं."

लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. फादर समजुतीने म्हणाले, "दोघांचा एक आहे, एकाचा वेगळा. साठ अंक योगायोगाने जुळत नाहीत हो." वातलेसाहेबांनी मान हलवली, म्हणाले, "ते तर मीच तुम्हाला शिकवलं." आणि बसले. धिरडं तसंच ठेवलं.

आता तुझी बातमी. कोष्टकातला प्रत्येक आकडा छापायला जाण्यापूर्वी वातलेसाहेबांच्या हाताखालून जायचा. ते गेल्यावर विषय निघाला. अशा डोळ्यांवर ते काम किती दिवस ठेवायचं? मी तुझं नाव सुचवलं आणि एकालाही आक्षेप नव्हता. त्यांना मीच पत्र लिहिलं, फार गोड शब्दांत. डोळ्यांना विश्रांती द्या, मंडळ तुमचं ऋणी आहे, वगैरे.

फादरना खुलाशाबद्दल तू विचारलं होतंस. आता कसला खुलासा?

दादा

*

स्टावलो, २ एप्रिल १९३५

सौजन्यमूर्ती ओदीलबाई,

आपली ओळख जेवणाच्या टेबलापुरतीच, तरी लिहितो आहे. तुम्हाला कोष्टकाचं काम मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. ते मी माझ्या हाताने एखाद्याला द्यायचं ठरवलं असतं तरी तुमचं नाव घेतलं असतं.

रविवारी आमच्या गावात सोंगांचा दिवस होता. पांढरे झगे, लांब लाल नाकं, आणि ज्याची टर उडवायची त्याच्या दारावर कागद चिकटवायचा. या वर्षी माझ्या दारावर होता. "येथे दोन आणि दोन मिळून काय हवं ते करून मिळेल." चूक माझीच, कॉफीघरात मीच सगळं सांगितलं होतं. कागद चांगल्या अक्षरात होता. मी अजून काढलेला नाही.

मुद्दा असा. जेवणाहून परतल्यावर मी खेचराची आकडेमोड पुन्हा केली. भिंग घेऊन, मोठ्या अक्षरात, चारापासून. उत्तर तेच आलं, जे मी तिथे वाचलं होतं. आता माणूस तीच चूक दोनदा करू शकतो, हे मला माहीत आहे. डोळ्याची चूक असती तर ती दोनदा वेगवेगळी झाली असती. तीच चूक दोनदा झाली असेल, तर ती डोळ्यात नाही, डोक्यात आहे.

हे मला कळणं गरजेचं आहे. माझी मुलगी शार्लरुआला असते. ती म्हणते, बाबा, आता एकटं राहू नका, घर काढून टाकू. आजवर मी तिला म्हणायचो, ज्या दिवशी माझा ताळा चुकेल त्या दिवशी येतो. तिला आता तेच वाक्य सापडलं आहे. जूनच्या अखेरीपर्यंत मी मुदत मागितली आहे.

तुमची अर्ध्या वाटेवरची बाकी मला पाठवाल का? माझी तिच्याशी जुळली तर निदान कळेल की अर्ध्यापर्यंत मी शाबूत होतो. देझिरेसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, पानं जाळली.

तुमचा,
अन्सेल्म वातले

*

दिनाँ, १४ एप्रिल १९३५

आदरणीय वातलेसाहेब,

आपलं पत्र वाचून वाईट वाटलं. उत्तराला उशीर झाला, शाळेत परीक्षा होत्या.

माझी मधली पानं दुर्दैवाने शिल्लक नाहीत. रद्दीच्या गठ्ठ्यात गेली, आणि तो गठ्ठा मुलींना कच्च्या कामाला देतात. शेवटची बाकी आपल्याला ठाऊक आहेच. याहून अधिक मदत करता येत नाही याचा खेद वाटतो.

आपण प्रकृतीची काळजी घ्यावी. मुलीजवळ राहणं कदाचित सोयीचंही होईल.

आपली नम्र,
ओदील

*

आर्लों, १९ मे १९३५

चि. ओदील,

बस आणि मग वाच. खेचर व्यालं.

गेंटचा एक शिक्षक, आपल्या मंडळातलाही नाही, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक सरकवत बसला होता. जिथून सगळ्या पट्ट्यांतून उजेड आरपार दिसतो ते आकडे तेवढे तपासायचे, अशी त्याची रीत. त्याला खेचराचा अवयव सापडला. सात अंकी, फक्त सात. इतका लहान आणि इतकी वर्षं कुणाच्या हाताला लागला नव्हता. मी स्वतः भागून पाहिलं, नि:शेष जातो. आकडा खाली लिहिला आहे, तूही भागून बघ, फार सुख होतं.

म्हणजे आपण म्हणालो तेच. संयुक्त. आता देवाचा बाप आला तरी ते बदलत नाही. मी शेजाऱ्यांना बोलावून मे महिन्यातली, रानपाला घातलेली वाईन पाजली. त्यांना काहीच कळलं नाही, पण प्याले.

तू बऱ्याच दिवसांत लिहिलं नाहीस. कोष्टकाचं काम फार आहे का?

दादा

*

दिनाँ, १६ जून १९३५

दादा,

तुझं पत्र आल्यावर मी भागून पाहिलं. सुख झालं. दोन-तीन दिवस टिकलं.

मग वर्गात तुझ्या बातमीबद्दल सांगताना फळ्यावर हात थांबला. ज्या अवयवाने खेचराला नि:शेष भाग जातो, त्याच सात अंकी अवयवाने सुरुवातीपासून सगळी आकडेमोड केली तर काम साठ अंकांऐवजी सात अंकांत होतं. आणि मोठ्या वाटेवरची कुठलीही खरी बाकी घेऊन या अवयवाने भागली, तर छोट्या वाटेवर त्याच पायरीला आलेली बाकीच उरली पाहिजे. दुसरं काही उरूच शकत नाही. तू हे माझ्याआधी ओळखलं असशील. म्हणून तर तू मला फक्त भागून बघायला सांगितलंस का, असं मनात आलं, आणि असं मनात आल्याचीही लाज वाटली.

मी छोटी वाट चालले. शाळेतून आल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, उजेड असेपर्यंत. सात अंकांचं काम काय, मजेचं असतं. शेवटची बाकी हातात आली. मग फळ्यावर ज्या आकड्याने चमचे वाजले होते तो घेतला, तुझा आणि माझा, आणि अवयवाने भागला.

जुळत नाही, दादा.

वातलेसाहेबांचा आकडा तू मला गंमत म्हणूनही उतरवून पाठवला नव्हतास, म्हणून तो फादरांकडून मागवला. कोष्टकाच्या कामासाठी हवा आहे असं लिहिलं. म्हणजे आणखी एक खोटं. तो भागला. जुळतो.

इथे थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. रद्दीचा गठ्ठा माळ्यावर होता. मुलींना मी तो कधीच दिला नव्हता. दिला म्हणून वातलेसाहेबांना लिहिलं तेव्हाही तो माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर होता, आणि ते मला ठाऊक होतं. त्यातून माझी अर्ध्या वाटेवरची जुनी बाकी काढली, जी तुझ्या बाकीपुढे मी टाकून दिली होती. ती भागली.

तीही जुळते. माझी बरोबर होती. चूक आकड्यात नव्हती, ताळ्यात होती. भागाकाराच्या अंकांची बेरीज करताना एक सात माझ्याकडून धरायचा राहिला होता, आणि दर वेळी पाहताना तोच राहत होता. मग तुझी चिठ्ठीतली बाकी भागली. ती जुळत नाही.

म्हणजे एप्रिलमध्ये त्या माणसाने माझ्याकडे जो आकडा मागितला तो माझ्याजवळ होता. तो पाठवला असता तर त्याच्या आकड्याशी तंतोतंत जुळला असता, आणि त्याला जे हवं होतं ते त्याच दिवशी मिळालं असतं. मी काय लिहिलं? मुलीजवळ राहणं सोयीचं होईल.

ते पत्र लिहिताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, एका थकलेल्या माणसाला मी जास्त दुखवत नाहीये. असं वाटणं मला किती सहज जमलं, याचाच मी आठवडाभर विचार करते आहे.

चमचे वाजले ते दोन माणसं एका आकड्याशी पोचली म्हणून नाही. एकच माणूस चुकला होता आणि दुसरं त्याच्या चुकीवर बसून आलं होतं. कर्नलसाहेब बरोबर बोलले. चुकीचं खेचर घेऊन आपणच आलो होतो.

आता फादरना सांगायला हवं. आपण दोघांनी मिळून सांगितलं तर बरं होईल. तुझ्या पत्राची वाट पाहते.

ओदील

*

आर्लों, २३ जून १९३५

ओदील,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग फिरायला गेलो. पाय दुखतात तरी गेलो.

चूक कुठे आहे ते मला माहीत आहे. अर्ध्याच्या थोडं अलीकडे, नवीन कागदावर बाकी उतरवताना दोन अंकांची अदलाबदल झाली. मध्ये एक अंक सोडून पलीकडचा अलीकडे. असे अंक बदलले तर नवांचाही ताळा जमतो आणि अकरांचाही. आणि मी ताळा घेतला तो उतरवलेल्या कागदावरून, जुन्या कागदावरून नाही. नवशिक्या पोराला मी यासाठी कान धरून उठवलं असतं.

कधी कळलं, हेच विचारशील. फेब्रुवारीत. जेवणाहून आलो तेव्हा वातले "खेचर तेच आहे" म्हणाले तो आवाज कानात होता. तुला पत्र टाकलं, त्यांना पत्र टाकलं, आणि मग पानं काढून बसलो. कळलं तेव्हा दोन्ही पत्रं पोस्टात पडली होती. पानं जाळली ती त्यानंतर.

आता मी काय म्हणतो ते रागावल्याशिवाय ऐक. कोष्टकात काय छापून जाणार? "संयुक्त." ते खरं आहे. अवयव सापडलाय, ते आता कुणाच्या बाकीवर अवलंबूनही नाही. कुणी खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीये. पुढच्या आठवड्यात कोष्टक छापखान्यात जाईल, त्या ओळीपुढे माझं नाव असेल, आणि तुझं. एवढं एक वर्ष राहू दे. मग हवं तर सांग, मी नसताना सांग.

वातलेंचं म्हणशील, तर म्हातारा माणूस, एक डोळा गेलेला. आज ना उद्या मुलीकडे जाणारच होता. आपल्यामुळे जात नाहीये.

आणि एक राहिलं. हे लिहावं की नाही असं झालं होतं, पण लिहितो. चिठ्ठी मी पाठवली हे खरं. उघडली तू. पाकिटावरची सही तुझी आहे.

दादा

*

दिनाँ, शनिवार, २९ जून १९३५

प्रिय दादा,

सही माझी आहे. तू लिहिलं नसतंस तरी मला ते माहीत होतं, पण तू लिहिलंस त्याचा मला राग आलेला नाही. राग येईल म्हणून मी दोन दिवस वाट पाहिली, आला नाही. वाईट एवढंच वाटलं की तुला फेब्रुवारीपासून माहीत होतं आणि मे महिन्यात तू शेजाऱ्यांना वाईन पाजलीस. ती पिताना तुला कसं वाटलं असेल, याची मला कल्पना करता येते. माझी स्वतःची अवस्था तशीच होती.

तुझं म्हणणं मी नीट तपासलं, कारण ते मला हवंहवंसं वाटत होतं. कोष्टकातली ओळ खरी आहे, हे बरोबर आहे. खेचराचं काहीच बिघडलेलं नाही. आपण बरोबर होतो की चूक, त्याला काय त्याचं. पण आपण त्या टेबलावर खेचर संयुक्त आहे एवढंच सिद्ध केलं नाही. दोघांचा एक आणि एकाचा वेगळा, म्हणून अन्सेल्म वातले चुकले, हेही आपण सिद्ध केलं. दुसरं खोटं आहे, आणि त्यावर एक माणूस विश्वास ठेवतो आहे. तोच एक.

आपल्यामुळे जात नाहीये, असं तू लिहिलंस. मला त्याची खात्री असती तर मी झोपले असते. त्यांनी मुदत मागितली होती ती उद्या संपते. मुलगी त्यांना न्यायला सोमवारी येणार असावी, कदाचित आजच आलीही असेल.

फादरना लिहिलं आहे, आज सकाळच्या टपालाने. माझी सही, चिठ्ठी, माझ्या जुन्या पानावरची बाकी, छोट्या वाटेवरचा सगळा हिशोब. ओळीपुढचं माझं नाव काढून तिथे वातले लिहायला सांगितलं आहे, आणि कोष्टकाचं काम परत त्यांच्याकडे द्यायला. ज्या बाईला एक सात दिसत नाही तिच्याकडे ते नको. तुझ्या नावाचं मी काही म्हटलेलं नाही. चिठ्ठी कुणाकडून आली तेही लिहिलेलं नाही, पण फादर खुळे नाहीत. तू स्वतः लिहिलंस तर माझ्या पत्राआधी पोचणार नाही, पण त्यानंतर लगेच पोचेल. ते तुझ्यावर.

वातलेसाहेबांनाही पत्र लिहायला बसले होते. तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा ते पत्र सुरेख होत चाललं होतं. दुसऱ्यात तर मी त्यांच्या भिंगाबद्दल एक फार छान वाक्य लिहिलं. मग लक्षात आलं की पत्रातच मी त्यांना फसवलं आहे, आणि मला कागदावर स्वतःचा चेहरा दिसत नाही म्हणून तिथे सगळं जमतं. फाडून टाकलं.

रागावू नकोस, किंवा रागाव, पण औषध वेळेवर घे. इथे शाळा पुढच्या आठवड्यात सुटते. तू म्हणालास तर आर्लोंला येईन, नाही म्हणालास तरी विचारत राहीन.

आता टाक ठेवते. एकच गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे सकाळी उठून मला दुसरं काही सुचायला नको.

उद्या: पहिल्या गाडीने स्टावलो. वातलेसाहेबांना त्यांच्या मुलीसमोर सांगायचं की त्यांचा आकडा बरोबर होता.

ओदील